मातृदोषाची कल्पना आणि नवजात ल्यूपसचा इतिहास

महाभारताच्या आदिपर्वातील एक प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर नियोगासाठी आलेल्या व्यासांचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटून घेतले, म्हणून तिचा पुत्र धृतराष्ट्र अंध जन्मला. अंबालिका भयाने पांढरी पडली, म्हणून तिचा पुत्र पांडुरवर्ण झाला आणि 'पांडू' या नावानेच ओळखला गेला. या कथेतील एका गृहीतकाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अपत्याच्या देहावर जे दिसते त्याचे कारण मातेच्या वर्तनात शोधावयाचे, असे ते गृहीतक आहे. व्यासांचे रूप उग्र होते हे कथा स्वतःच सांगते. पण परिणामाची जबाबदारी मात्र त्या रूपाकडे न जाता त्या दोघींच्या डोळ्यांकडे आणि चेहऱ्याकडे जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय या गृहीतकाशी जवळचे नाते असलेला, परंतु आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातला आहे. काही अर्भकांच्या चेहऱ्यावर व डोक्यावर जन्मतःच किंवा जन्मानंतरच्या काही आठवड्यांत कंकणाकृती चट्टे उमटतात. ते काही महिने राहतात आणि बहुधा मागे काही न ठेवता मावळतात. वैद्यकात या अवस्थेला 'नवजात ल्यूपस' म्हणतात. या चट्ट्यांचे कारण बाळाच्या शरीरात निर्माण झालेले नसते. गर्भावस्थेत आईच्या रक्तातून वारेवाटे आलेली विशिष्ट प्रतिपिंडे हे त्यांचे कारण असते. म्हणजे बाळाच्या त्वचेवर आईकडून आलेले काहीतरी खरोखरच उमटते, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. ज्या समजुतीला अठराव्या शतकापासून विवेकवादी मंडळी भ्रम म्हणत आली, तिच्याशी या शोधाचे काय नाते लागते? जुना दोषारोप नव्या परिभाषेत परत येतो काय? आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत, वैद्यकात आम्हांला अधिकार नाही. परंतु रोगाला नाव कसे पडते आणि त्या नावाबरोबर कोणते अर्थ घरात येतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांचाही आहे, असे आम्हांला वाटते.

१. कल्पनेची छाप

मातेच्या मनातील भय, इच्छा किंवा दृश्य गर्भाच्या अंगावर उमटते, ही समजूत एका देशाची नाही. आपल्याकडे ग्रहणकाळात गर्भवतीने विळीला हात लावू नये, काही चिरू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, असे सांगणारी घरे आजही आहेत. डोहाळे पुरवावेत, न पुरविल्यास मुलात व्यंग राहते, या समजुतीमागे तर आयुर्वेदातील 'दौहृद' ही संकल्पनाच आहे. गर्भिणीच्या ठायी दोन हृदये असतात, म्हणून तिची इच्छा ही केवळ तिची नसते, असा तो विचार.

युरोपात हीच समजूत शास्त्राच्या वेषात वावरत होती. लंडनच्या डॅनिएल टर्नर या वैद्याने १७१४ मध्ये त्वचारोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयावरील इंग्रजीतला पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. मातेच्या कल्पनाशक्तीमुळे गर्भाच्या त्वचेवर उमटणाऱ्या खुणांची चर्चा त्यात एका स्वतंत्र प्रकरणात आहे. त्वचारोगशास्त्राच्या इंग्रजी परंपरेच्या उंबरठ्यावरच ही माता उभी आहे, हे लक्षणीय होय.

१७२६ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या मेरी टॉफ्ट या गरीब स्त्रीने आपल्याला सशांची पिल्ले होत असल्याचा बनाव रचला. गरोदरपणी ससा दिसल्याने आपण दचकलो आणि मनात तोच भरला, असा तिचा दावा होता. नावाजलेले वैद्य त्याला फसले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने कबुली दिली. हा बनाव टिकू शकला तो तिच्या चातुर्यामुळे नव्हे, वैद्यांच्या मनात सिद्धान्त आधीच तयार होता म्हणून. पुढच्याच वर्षी, १७२७ मध्ये, जेम्स ब्लाँडेल या वैद्याने या सिद्धान्तावर पुस्तिका लिहून हल्ला चढविला आणि टर्नरशी त्याचा वाद अनेक वर्षे चालला. ब्लाँडेलचा आक्षेप दुहेरी होता. मनातील प्रतिमा गर्भाच्या त्वचेपर्यंत पोचेल असा मार्ग शरीरात नाही, हा एक. आणि ही समजूत गर्भवतींना विनाकारण भयात व अपराधभावात ठेवते, हा दुसरा. आमच्या मते हा दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. पहिला शरीरशास्त्राचा आहे आणि तो पुढच्या शोधांवर अवलंबून राहतो. दुसरा नीतीचा आहे, आणि तो कोणत्याही शोधाने रद्द होत नाही.

२. लांडगा आणि फुलपाखरू

'ल्यूपस' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. मध्ययुगीन युरोपात चेहऱ्याचे किंवा पायाचे मांस कुरतडत जाणाऱ्या व्रणांना हे नाव पडले. लांडग्याने चावा घ्यावा तसे ते दिसत, अशी त्यामागची उपपत्ती सांगतात. रोगांना प्राण्यांची नावे देण्याची रीत मराठीला परकी नाही. कमरेभोवती वेटोळे घालत जाणाऱ्या फोडांना आपण 'नागीण' म्हणतो, पसरत्या गोल चट्ट्याला 'गजकर्ण' म्हणतो, आणि 'कर्करोगा'तला खेकडा तर ग्रीक वैद्यकातून संस्कृत रूप धारण करून आपल्याकडे स्थायिक झाला आहे. लांडग्याचे मात्र भाषांतर झाले नाही. 'ल्यूपस' मराठीत ल्यूपसच राहिला; त्यामुळे रोग्याला नाव कळते, पण त्यातला प्राणी दिसत नाही. हे एका अर्थी बरेच झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलन व टॉमस बेटमन या गुरुशिष्यांनी त्वचारोगांचे दिसण्यावरून वर्गीकरण केले, त्यात या लांडग्यालाही एक खण मिळाला. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात लॉरां बिएत याने वर्णन केलेल्या एका निराळ्या लालसर विकाराला त्याचा शिष्य पिएर काझनाव्ह याने १८५१ मध्ये 'ल्यूपस एरिथेमातो', म्हणजे आरक्त ल्यूपस, असे नाव दिले. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा याने १८४० च्या दशकात, नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर पसरणाऱ्या लालीला फुलपाखराची उपमा दिली, आणि ती आजही वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एकाच चेहऱ्यावर एका शतकाला लांडगा दिसला आणि दुसऱ्याला फुलपाखरू.

पुढे या घराण्याची वाटणी झाली. मांस कुरतडणारा जो जुना ल्यूपस, तो त्वचेचा क्षयरोग निघाला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला, आणि डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला प्रकाशकिरणांनी या त्वचाक्षयावर उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरक्त ल्यूपस मात्र क्षयाच्या घरातून बाहेर पडला. हेब्राचा शिष्य व जावई मोरिट्झ कापोसी याने १८७२ मध्ये दाखवून दिले की हा केवळ त्वचेचा विकार नव्हे. ताप, सांधेदुखी, गाठी आणि पांडुरोग हेही त्याचेच भाग असू शकतात. लांडगा त्वचेवरून आत गेला. साहित्याच्या वाचकाला हा रोग अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर हिच्यामुळे ठाऊक असतो. तिचे वडील याच रोगाने गेले, आणि तीही १९६४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्यानेच गेली.

येथे एक विसंगती नोंदवून ठेवू. ज्या प्रकाशाने जुना ल्यूपस बरा होई, तोच प्रकाश आरक्त ल्यूपसला भडकवितो. एकाच नावाखाली दोन परस्परविरोधी रोग इतका काळ नांदले, याचे कारण नाव दिसण्यावरून पडले होते, कारणावरून नव्हे.

३. गुंज, एरंड आणि एर्लिख

बाळाच्या चट्ट्यांचे कोडे सुटायचे तर दोन गोष्टी कळणे आवश्यक होते. आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये बाळाकडे जातात, ही एक. शरीर स्वतःविरुद्धच अशी द्रव्ये तयार करू शकते, ही दुसरी. इतिहासाची गंमत अशी की पहिली गोष्ट ज्याने सिद्ध केली, त्यानेच दुसरीला मोठा अडथळा घातला. पॉल एर्लिख हे त्या जर्मन वैज्ञानिकाचे नाव.

१८९२ मध्ये एर्लिखने उंदरांवर केलेल्या प्रयोगांतील विषे आपल्या ओळखीची आहेत. एक एरंडीच्या बीतले आणि दुसरे गुंजेतले. आपला सोनार जिच्याशी सोने तोलत असे, तीच ती लालकाळी गुंज. ही विषे अत्यल्प प्रमाणात देत देत त्याने उंदरांना ती पचविण्यास शिकविले आणि मग त्यांच्या पिल्लांची परीक्षा घेतली. आई विषाला सरावलेली असेल तर पिल्लेही काही काळ विषाला पुरून उरत; केवळ बाप सरावलेला असेल तर त्याचा पिल्लांना काहीच उपयोग होत नसे. शिवाय आईकडून आलेली ही शक्ती टिकाऊ नव्हती. काही आठवड्यांनी ती ओसरे. पिल्लांची अदलाबदल करून, काही संरक्षण दुधातूनही मिळते हे त्याने दाखविले. वारसा आणि ठेव यांतला भेद येथे प्रथम स्पष्ट झाला. बीजातून येते ते कायमचे. रक्तातून येते ते उसने, मुदतीचे.

हाच एर्लिख १९०१ च्या सुमारास एक लॅटिन शब्दप्रयोग रूढ करून गेला. शरीराला स्वतःवर विष उगारण्याची भीती असते, निसर्ग तसे होऊ देत नाही, असा त्याचा आशय होता. १९०४ मध्येच डोनाथ व लँडस्टायनर यांनी रक्ताच्या एका विकारात असे स्वघातक द्रव्य दाखविले होते. तरीही त्या सूत्राचा दबदबा काही दशके टिकला. स्वतःविरुद्ध उठणाऱ्या प्रतिकाराची कल्पना सर्वमान्य होण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले.

ल्यूपसच्या बाबतीत ही वाट १९४८ मध्ये मोकळी झाली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज व त्याच्या सहकाऱ्यांना ल्यूपसच्या रोग्यांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी दिसली: दुसऱ्या पेशीचे केंद्रद्रव्य गिळून बसलेली पांढरी पेशी. लवकरच उमगले की रोग्याच्या रक्तद्रवात असा एक घटक आहे, जो निरोगी माणसाच्या पेशींतही हा प्रकार घडवून आणू शकतो. म्हणजे रोगाची चावी रक्तात होती, आणि रक्तातील असे घटक वार ओलांडतात हे एर्लिखने कधीच दाखविले होते. या दोन विधानांची गाठ पडणे तेवढे बाकी होते.

४. १९५४ : बाळाने सांगितलेली बातमी

ही गाठ १९५४ मध्ये पडली, तीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. ब्रिज व फोली यांनी ल्यूपसचा रक्तघटक वारेतून बाळाकडे जातो असे दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मॅकक्विस्टन व शॉख या त्वचारोगतज्ज्ञांनी एका नवजात बाळाचा वृत्तान्त छापला. बाळाच्या त्वचेवर ल्यूपससारखे चट्टे होते. त्या वेळी आईला ल्यूपस झाल्याचे निदान नव्हते. तो तीव्र स्वरूपात तिच्या ठायी प्रकटला तो नंतर. निबंधाच्या शीर्षकातच 'संभाव्य' असा शब्द आहे. नवजात बाळात असा रोग असू शकतो, हे म्हणण्यास तेव्हा धीर लागत होता.

या वृत्तान्ताचे महत्त्व केवळ 'पहिला' म्हणून नाही. येथे निदानाची दिशाच उलटली आहे. एरवी आईचा रोग पाहून आपण बाळाकडे वळतो. येथे बाळाची त्वचा आधी बोलली आणि आईचा रोग मागाहून आला. पुढे असंख्य बाळांच्या बाबतीत हेच दिसून आले. नवजात ल्यूपस झालेल्या बाळांच्या मातांपैकी मोठ्या संख्येने स्त्रियांना त्या वेळी काहीही झालेले नसते; काहींना डोळ्यांची, तोंडाची कोरड असते, सांधे दुखत असतात, थकवा असतो. घरात आणि दवाखान्यातही या तक्रारींना 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून बाजूला सारले जाते. बाळाच्या गालावरचा चट्टा कोणीतरी नीट वाचतो, आईचे रक्त तपासले जाते, आणि तिने वर्षानुवर्षे सांगितलेले पण कोणी न ऐकलेले दुखणे एकदम खरे ठरते. आईच्या शब्दाला जे वजन मिळाले नाही, ते बाळाच्या त्वचेला मिळते. ही गोष्ट सुखाची म्हणावी की दुःखाची, हे ठरविणे अवघड आहे.

५. दोन नोंदवह्या आणि दोन अक्षरे

त्वचेचे चट्टे मावळतात. पण त्याच प्रतिपिंडांचा एक परिणाम मावळत नाही. काही गर्भांत, साधारणतः अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा संदेश नेणारी वाट या प्रतिपिंडांमुळे वणाने बुजून जाते. हृदय मंद पडते. हा पूर्ण 'हार्ट ब्लॉक' उलटविता येत नाही. काही बाळे दगावतात आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे पेसमेकर लागतो.

या हृदयविकाराची नोंद वैद्यकात स्वतंत्रपणे होत होती. १९०१ मध्ये मॉन्टेव्हिडिओच्या लुई मोर्किओ याने एकाच कुटुंबातील भावंडांत असा विकार वर्णिला. १९२८ मध्ये एल्वर्ड याने दोन भावंडांतील जन्मजात हार्ट ब्लॉकची हकिकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दिली, आणि त्यांच्या आईला अश्रू व लाळ यांच्या ग्रंथी सुजण्याचा विकार असल्याचेही नोंदविले. आज ते वाक्य वाचताना आपण थबकतो, कारण उत्तर त्यात उघड लिहिलेले आहे. परंतु मातेचे संधानी ऊतींचे विकार आणि अपत्याचा हार्ट ब्लॉक यांचा संबंध ठामपणे प्रस्थापित होण्यास १९७७ उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी तो मांडला.

मधली जवळपास पन्नास वर्षे कशात गेली? आमच्या मते उत्तर ज्ञानाच्या अभावापेक्षा ज्ञानाच्या मांडणीत आहे. प्रसूतीनंतर आईचा कागद एका विभागात आणि बाळाचा दुसऱ्यात जातो. त्वचेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, सांध्यांचे वेगळे. ज्या दोन देहांत एक रक्तघटक सामाईक होता, त्यांच्या नोंदवह्या सामाईक नव्हत्या. विद्याशाखांच्या भिंतींची तक्रार आपण साहित्यातही करतो. पण येथे त्या भिंतींची किंमत बाळांनी मोजली.

शेवटचा दुवा प्रयोगशाळेतून आला. १९६९ मध्ये क्लार्क, राइक्लिन व टोमासी यांनी ल्यूपसच्या रक्तातील एका प्रतिपिंडाचे लक्ष्य ओळखले आणि त्याला 'रो' नाव दिले. १९७४ मध्ये मॅटिओली व राइक्लिन यांनी दुसऱ्याला 'ला' म्हटले. ही नावे ज्या रोग्यांच्या रक्तात ती प्रथम सापडली, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे होत. दुसऱ्या एका गटाने हीच लक्ष्ये स्योग्रेन यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या कोरडेपणाच्या रोगात शोधून त्यांना वेगळी नावे दिली होती. १९७९ मध्ये दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. संशोधकांची नावे ग्रंथांत पूर्ण राहिली आणि रोग्यांची दोन-दोन अक्षरे उरली. तरीही, आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत तपासणी मागविताना डॉक्टर उच्चारतात ती त्या रोग्यांचीच अक्षरे.

१९८१ ते १९८३ या काळात अमेरिकेतील अनेक गटांनी, त्यांत कोलोरॅडोचे विल्यम वेस्टन व सहकारी प्रमुख, हे दाखविले की चट्टे असलेल्या बाळांच्या आणि हार्ट ब्लॉक असलेल्या बाळांच्या मातांमध्ये हीच प्रतिपिंडे जवळजवळ नेहमी आढळतात. १९८७ मध्ये एक तिसरे प्रतिपिंडही काही थोड्या बाळांच्या चट्ट्यांमागे असल्याचे कळले. अशा रीतीने त्वचा, हृदय, रक्त आणि यकृत यांच्या विखुरलेल्या तक्रारी एका छत्राखाली आल्या.

येथे चरकसंहितेची आठवण होणे अपरिहार्य आहे. शारीरस्थानात गर्भाच्या कोणत्या अवयवांना 'मातृज' म्हणावे याची यादी आहे. त्वचा, रक्त, हृदय आणि यकृत ही चारही तीत आहेत. हा योगायोग मनोवेधक आहे, पण तो योगायोगच आहे. प्राचीनांना प्रतिपिंडे ठाऊक होती असा निष्कर्ष काढणे हा चरकाचा गौरव नव्हे. तो चरकाला न वाचण्याचा एक प्रकार आहे. त्या यादीत आणखीही पुष्कळ अवयव आहेत आणि तिचे तर्कशास्त्र निराळे आहे.

६. त्वचेवर नेमके काय घडते

वार ही गाळणी नव्हे, पहारेकरी आहे. विशिष्ट जातीच्या प्रतिपिंडांना ती हाताला धरून पलीकडे पोचविते. यासाठी एखादा ग्राहक असावा, असे वेल्समधील रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी १९५० च्या दशकाअखेर सुचविले होते आणि तो पुढे सापडला. ही ने-आण गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत सुरू होऊन शेवटी इतकी वाढते की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आईइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिकच असतात. पहारेकऱ्याजवळ निवड नसते. गोवराशी लढणारे प्रतिपिंड आणि 'रो'वर चालून जाणारे प्रतिपिंड त्याच्या दृष्टीने एकाच जातीचे.

'रो' हे प्रथिन एरवी पेशीच्या आत असते, प्रतिपिंडांच्या हाती न लागणारे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी दुखावल्या की ते पृष्ठभागावर येते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून बाळाला कोवळ्या उन्हात धरल्यावर चट्टे उमटल्याच्या हकिकती पुष्कळ आहेत. मात्र ऊन न लागताही ते येतात. कपाळ, कानशिले, डोक्याची त्वचा आणि विशेषतः डोळ्यांभोवतालचा भाग ही त्यांची आवडती ठिकाणे. कडा किंचित उंच, मध्य फिका, वर बारीक कोंडा. पाठ्यपुस्तकांतील वर्णने गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली असल्याने त्यांत 'लाल' हा शब्द ठळक असतो. सावळ्या त्वचेवर ही लाली तितकी दिसत नाही, फिकट गोल डाग तेवढे दिसतात. त्यामुळे आपल्याकडे अशा चट्ट्यांना नायटा किंवा गजकर्ण समजून मलमे चोळली जाण्याचा संभव अधिक.

रक्तातील या प्रतिपिंडांचे प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. नवी रसद नाळ कापली तेव्हाच थांबलेली असते. म्हणून सहा ते आठ महिन्यांत चट्टे मावळतात. क्वचित एखादी बारीक रक्तवाहिनी किंवा फिका डाग मागे राहतो. आईने दिलेले गोवराचे संरक्षणही याच सुमारास ओसरते, आणि आपल्याकडे गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देण्यामागे हेही एक कारण आहे. एकाच शिदोरीतले हितकर आणि अहितकर दोन्ही एकाच वेळी संपते. एर्लिखच्या पिल्लांचे जे झाले तेच.

७. नाव, विभक्ती आणि दोष

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. ब्लाँडेलने नाकारलेला मार्ग विज्ञानाने शोधून काढला, असे वरवर पाहता म्हणता येईल. आईच्या देहातून बाळाच्या त्वचेपर्यंत जाणारी एक वाट आहे, तिच्यावरून जाणारी द्रव्येही मोजता येतात. परंतु या वाटेवरून प्रतिमा जात नाही, भय जात नाही, अपुरा डोहाळा किंवा ग्रहणातली विळी जात नाही. जे जाते त्याच्यावर आईच्या इच्छेचा, वर्तनाचा किंवा आहाराचा काडीचाही अंमल नाही. बहुतेक वेळा ते आपल्या रक्तात आहे हे तिला ठाऊकही नसते. अंबिकेने निदान डोळे मिटले होते, या आईने काहीच केलेले नाही.

तरीही दोष तिच्याकडे येतोच, आणि तो भाषेच्या वाटेने येतो. 'नवजात ल्यूपस' हे नावच पाहा. बाळाला ल्यूपस नसतो. त्याचे शरीर ती प्रतिपिंडे बनवीत नाही. पुष्कळदा आईलाही ल्यूपस नसतो. चट्टे ल्यूपससारखे दिसतात एवढ्यावरून पडलेले हे नाव दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे, आणि मध्ययुगातला तो लांडगा त्यात दबा धरून आहे. सुसान सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजाराला रूपकांपासून मुक्त करण्याची मागणी केली. ती सर्वस्वी शक्य आहे असे आम्हांला वाटत नाही. 'प्रतिपिंडांचा हल्ला' हेही रूपकच आहे. परंतु कोणते रूपक कोणाच्या माथी बसते याचा हिशेब ठेवणे शक्य आहे.

मराठीत हा हिशेब विभक्तीत आणि शब्दयोगी अव्ययांत ठेवावा लागतो. 'आईमुळे झाले' या वाक्यात 'मूळ' आहे. त्यात कारण आणि दोष एकमेकांत मिसळलेले असतात. 'आईकडून आले' यात देणारी व्यक्ती उभी राहते, जणू तिने हात पुढे करून काही दिले. 'आईच्या रक्तातून आले' असे म्हटले की उगम कळतो, मार्ग कळतो, आणि दोष कोणाच्याच पदरात पडत नाही. तिन्ही वाक्ये वैद्यकीयदृष्ट्या जवळजवळ समान आहेत. सासरच्या माणसांसमोर बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

या भेदाला व्यावहारिक बाजूही आहे. 'रो' प्रतिपिंडे असलेल्या शंभर गर्भवतींपैकी साधारण एक ते दोघींच्याच गर्भाला हार्ट ब्लॉक होतो. आधीच्या एखाद्या मुलाला तो झाला असेल तर मात्र पुढच्या खेपेचा धोका सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत जातो. अशा मातांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध गर्भारपणाच्या आरंभापासून दिल्यास हा धोका ७.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नवजात ल्यूपसच्या नोंदवहीमुळे असे अभ्यास शक्य झाले. आई आणि बाळ यांचे कागद अखेर एका ठिकाणी आले. पण त्या नोंदवहीत नाव येण्यासाठी आईने पुढे यावे लागते, रक्त द्यावे लागते, आधीच्या बाळाची हकिकत सांगावी लागते. जिथे खूण म्हणजे दोष असे समीकरण आहे, तिथे ती खूण झाकली जाते, उन्हाचे निमित्त पुढे केले जाते, आणि दुसऱ्या गर्भाला मिळू शकणारे संरक्षण हुकते. दोषारोप हा अन्याय तर आहेच, पण तो निदानाच्या आड येणारा अडसरही आहे. ब्लाँडेलचा दुसरा आक्षेप अशा रीतीने शरीरशास्त्रालाही उपयोगी ठरतो.

मातृत्वाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या साहित्यपरंपरेत आईचे रक्त हे केवळ अमृत आहे. त्या रक्तात गोवराचे कवच आणि गालावरचा चट्टा दोन्ही एकाच मापाने येतात, हे सत्य त्या अमृताहून अधिक साधे आणि अधिक मानवी आहे. त्यात आईची थोरवी नाही, तिचा अपराधही नाही. वर्गात पांडूची कथा शिकविताना त्या पांढऱ्या पडलेल्या मुलीचे वय आणि भय यांविषयीही एखादा प्रश्न विचारावा, एवढेच आम्ही आमच्या अध्यापक मित्रांना सुचवू.